ज्वारीवरची कीड आणि वहीत मी मारलेला लाल गोल

माझ्या जुन्या नोंदवहीत एका ओळीपुढे लाल पेनने गोल केलेला आहे, दोनदा गिरवलेला आणि बाजूला उद्गारचिन्ह. परवा माळा आवरताना वही सापडली आणि तो गोल बघून परत एकदा लाज वाटली, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

झालं असं की मी शिकत असताना ज्वारीच्या वाणांच्या स्क्रीनिंगचा एक प्लॉट माझ्याकडे होता. शंभराच्या आसपास ओळी, प्रत्येक ओळ वेगळ्या वाणाची, आणि काम एकच, कुठली ओळ मिजमाशीपुढे, म्हणजे फुललेल्या कणसात अंडी घालून दाणा भरूच न देणाऱ्या बारक्या माशीपुढे, टिकते ते बघायचं. दाणा भरायच्या वेळेला गेले तर बहुतेक ओळींची कणसं पोचट, हातात चुरगळली की नुसती तुसं निघतायत, आणि मधेच ही एक ओळ दाण्यांनी टच्च भरलेली. मला वाटलं लॉटरी लागली. धावत जाऊन सरांना घेऊन आले. त्यांनी कणसाकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्या हातातली वही घेतली, दोन पानं मागे उलटली आणि विचारलं, "ही फुलोऱ्यावर कधी आली होती?" तो कॉलम मी नीट भरलाच नव्हता. अंदाजाने सांगितलं, बाकीच्यांच्या आधी दहा-बारा दिवस असेल. सर म्हणाले, "मग ही रोधक नाही. माशी यायच्या आधी उठून गेली एवढंच."

तेव्हा फार वाईट वाटलं, पण ते एक वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे जितकं वाचलं आणि जितके प्लॉट फिरले तितकं जाणवत गेलं की ज्वारीच्या किडींचा सगळा खेळच वेळेचा आहे. आणि गंमत म्हणजे सरांनी ज्याला "नुसती उठून गेली" म्हटलं, तीच गोष्ट कित्येक खऱ्याखुऱ्या रोधक वाणांत पण चालू असते, फक्त दिवसांच्या नाही तर तासांच्या हिशोबात. ते कसं ते सांगते.

ज्वारीवर दीडशेच्या आसपास किडींची नोंद आहे, पण खरा त्रास देणाऱ्या त्यातल्या मोजक्याच. सगळ्यात आधी येते खोडमाशी. शास्त्रीय नाव अ‍ॅथेरिगोना सोकाटा, दिसायला घरातल्या माशीची बारकी, करड्या रंगाची बहीण. रोप उगवून आठवडा झाला की ही पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालायला लागते आणि रोप साधारण चार आठवड्यांचं होईपर्यंत धोका राहतो, त्यानंतर तिला रोपात फारसा रस नसतो. अंडं पांढरं, लांबट, सिगारेटच्या आकाराचं, एका वेळी एकच, शिरेला समांतर चिकटवलेलं. पहिल्यांदा अंडी मोजायला बसले तेव्हा मला अर्धा तास एकही दिसलं नाही आणि मी वहीत शून्य लिहून मोकळी होणार होते. शेजारी खुरपत असलेल्या मावशींनी एक पान उलटं करून नुसतं समोर धरलं. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक ते अंडं, एकदा दिसलं की मग मात्र दिसतच राहतं, झोपेत पण.

अंडं एक-दोन दिवसांत फुटतं आणि ते फुटायची वेळ बघा, पहाट. उजाडायच्या आधीच्या अंधारात अळी बाहेर येते, पानावरून सरपटत पोंग्याकडे, म्हणजे रोपाच्या मधल्या गुंडाळलेल्या पानांकडे, निघते, आत शिरते आणि थेट तळाशी जाऊन वाढीचा कोंब कापते. मग तो कुजलेला भाग खात बसते. वरून आपल्याला काय दिसतं तर मधलं पान सुकलेलं, बाकीची पानं हिरवीगार. यालाच पोंगेमर म्हणतात. सुकलेला पोंगा धरून ओढला की अलगद हातात येतो आणि खालच्या टोकाला घाण वास. मावशींची परीक्षा तीच होती, "वास आला की माशी, नाय आला तर दुसरं काय तरी." दुसरं काय तरी म्हणजे खोडकिडा, त्याच्यावर पुढे येते.

आता या अळीची अडचण अशी की ती दूध पिणाऱ्या लेकरासारखी नाजूक असते, कोरड्या पानावरून तिला लांब जाता येत नाही. तिला ओल लागते. आणि लहान रोपाच्या मधल्या पानावर पहाटे खरोखरच पाण्याचा बारीक थर असतो, रात्री दोन ते चारच्या दरम्यान सगळ्यात जास्त. कोणीही म्हणेल की हे दव असणार, मी पण तेच म्हणत होते, पण ते दव नाही, ते पाणी रोप स्वतःच्या आतून बाहेर टाकतं. म्हणजे रोप स्वतःच्या हाताने चोराला घसरगुंडी करून देतंय म्हणा ना. रोप आठ ते बारा दिवसांचं असताना ही ओल जास्त असते आणि नेमका तोच काळ माशीच्या आवडीचा.

रोधक वाणात ही ओलच कमी असते. अळी निघते तर वेळेवर, पण पानावर रेंगाळते, आणि ऊन वर आलं की वाळून जाते. ही शर्यत किती मिनिटांची असेल नसेल, पण अख्ख्या रोपाचा निकाल तिच्यात लागतो. त्यात भर म्हणजे पानाच्या खालच्या बाजूची बारीक लव, जी डोळ्यांना दिसत नाही पण भिंगाखाली काटेरी कुंपणासारखी दिसते, माशीला अंडं घालायला नको वाटतं आणि अळीला चालायला. शिवाय चकाकी. रोधक वाणांची कोवळी रोपं उन्हात चमकतात, फिकट हिरवी, पानं अरुंद आणि ताठ, तेलाचा हात फिरवल्यासारखी. या चकाकीची साधी परीक्षा म्हणजे पाणी शिंपडायचं, चकाकणाऱ्या पानावर पाणी मोत्यासारखं थांबतं आणि साध्या पानावर पसरतं. मी हे इतक्यांदा केलंय की माझ्या त्या सीझनच्या सगळ्या फोटोंत एका हातात पिचकारी आहे.

मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ बघितली तर तिच्यात ही चकाकी आहे, माशीला ती बऱ्यापैकी तोंड देते. इथिओपियातून आलेला आयएस १८५५१ हा त्याहून पक्का, जगभर खोडमाशीच्या कामात तो रोधक तुलना म्हणून लावला जातो. आणि दुसऱ्या टोकाला स्वर्णा, म्हणजे सीएसव्ही १, जी प्लॉटमधे मुद्दाम लावतात कारण ती हमखास बळी पडते. स्क्रीनिंगमधे एक बिचारं वाण असं लागतंच, त्याच्यावर कीड नीट आली नाही तर बाकीच्यांवर आली नाही याला काही अर्थच उरत नाही.

हे स्क्रीनिंग पण ऐकण्यासारखं आहे. माशी भरपूर यावी म्हणून चाचणीच्या वीस दिवस आधी अशा बळी वाणाच्या ओळी मधेमधे पेरून ठेवतात, त्यांच्यावर माशीची पिढी तयार होते, आणि वर शेतात ओलवलेली मासळीची भुकटी टाकतात कारण या माशीला तो वास फार आवडतो. हैदराबादजवळ पाटनचेरूला १९७२ साली सुरू झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने ही पद्धत वापरून हजारो वाणं तपासली, त्यांच्या जीनबँकेत ज्वारीचे चाळीस हजारांच्या वर नमुने आहेत. मासळीच्या भुकटीचा वास कपड्यांतून चार धुण्यांत पण जात नाही हे कुठल्याच पेपरमधे लिहिलेलं नसतं, ते मी इथे लिहिते.

खोडकिड्याच्या बाबतीत तर अजून भारी प्रकार. ही पतंगाची अळी, नाव कायलो पार्टेलस, मूळची आशियातली आणि नंतर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन तिथे पण डोकेदुखी झालेली. पतंग पानाच्या खाली माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक अंडी घालतो. प्लॉटमधे प्रत्येक रोपावर सारख्या अळ्या याव्यात म्हणून लॅबमधे वाढवलेल्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या खसखशीत मिसळतात आणि बझूका नावाच्या एका हातातल्या यंत्राने प्रत्येक पोंग्यात मोजून टिचकीभर सोडतात. खसखस का, तर दाणा अळीच्या जवळपास मापाचा, दुखापत होत नाही आणि वाटणी सारखी होते. रांगेत वाकून हे करताना कंबर जाते, पण ज्याने कोणी खसखस शोधून काढली त्याला माझा नमस्कार.

अळी आधी पोंग्यातली कोवळी पानं खाते, आणि पान अजून गुंडाळलेलं असताना एकच भोक आरपार पडतं, त्यामुळे पान उलगडलं की आडव्या रेषेत ओळीने भोकं दिसतात, आपण कागद घडी घालून कातरतो तशी. मग ती खाली उतरते. रोप लहान असेल तर कोंब जातो आणि पोंगेमर होते, मोठं असेल तर ताटाच्या आत बोगदा करत फिरते, कणीस पांढरं पडतं किंवा वाऱ्यात मोडतं. इथे पण परत वेळच. काही रोधक वाणांत असं दिसतं की कणसाचा कोंब लवकर तयार होतो आणि पेरं भराभर लांबतात, म्हणजे अळी खाली पोचेपर्यंत तिला जे कापायचं असतं ते वर निघून गेलेलं असतं. अळी येते, खाते, पानांवर भोकं पण दिसतात, पण रोप मरत नाही. नवख्या माणसाने नुसती भोकं मोजली तर हा वाण नापास करेल. मी केला होता. लाल गोलासारखीच ती पण एक कथा, पण एका पोस्टमधे किती लाज काढून घ्यायची.

आता मिजमाशीकडे परत येते कारण तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. स्टेनोडिप्लोसिस सॉर्गिकोला, नाव लांब आणि माशी बघायला गेलं तर डासापेक्षा बारीक, पोट नारिंगी. हिचं प्रौढ आयुष्य जेमतेम एक दिवस. सकाळी बाहेर यायचं, जोडीदार शोधायचा, फुललेलं कणीस शोधायचं आणि संध्याकाळपर्यंत मरून जायचं. पण त्या एका दिवसात मादी फुललेल्या बोंडा-बोंडांतून सोंड खुपसावी तशी शेपटी खुपसत फिरते, तुसांच्या फटीतून आत एकेक अंडं सोडत. आतली अळी कोवळ्या बीजांडातला रस पिते, एकच अळी एका दाण्याला पुरते, दाणा जन्मालाच येत नाही. दोन आठवड्यांत नवीन माशी तयार आणि जाताना कोषाचं पांढरं कवच तुसाच्या टोकाला लटकत सोडून जाते. तेवढीच तिची सही. बाहेरून बाकी काही दिसत नाही, पान नाही खाल्लेलं, ताट नाही पोखरलेलं, म्हणून पुष्कळ जणांना वाटतं की दाणा पाण्याअभावी भरला नाही किंवा थंडी लागली. कीड आलेली कळतच नाही.

दोन आठवड्यांची पिढी याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आजूबाजूला कोणी लवकर पेरलेलं, कोणी मधे, कोणी उशिरा, तर लवकरच्या कणसांवर पहिली पिढी, ती पुढच्यांवर जाते, आणि सगळ्यात उशिरा फुलणाऱ्यावर चार पिढ्यांचं सैन्य एकदम तुटून पडतं. म्हणून सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरा, एकाच मुदतीचे वाण घ्या हा सल्ला कंटाळवाणा वाटला तरी त्याच्याइतका कामाचा सल्ला नाही. खोडमाशीचंही तेच, उशिराची पेरणी म्हणजे तिला आमंत्रण. आणि काही अळ्या तर तुसातच झोपून राहतात, एक नाही तर दोन-तीन वर्षं सुद्धा, आणि मग उठतात. मळणीनंतर उरलेला भुसा आणि पोचट कणसं शेताच्या कडेला ढीग करून ठेवू नका म्हणतात ते याचसाठी.

तर रोधक वाण हिला कसा चुकवतो? जुनं उत्तर असं की तुसं आखूड आणि घट्ट, शेपटी आत जायला जागा नाही, आणि दाणा इतका पटकन वाढतो की अळीला जागा पुरत नाही. हे खरंच आहे. डीजे ६५१४ आणि एएफ २८ हे जुने नावाजलेले रोधक वाण, त्यांच्यात हे सगळं सापडतं. पण मला आवडलेलं उत्तर त्याच्या पुढचं आहे. ज्वारीची फुलं रात्री उमलतात. काही रोधक वाणांत ती इतकी लवकर, मध्यरात्रीच्या सुमाराला उमलतात की सकाळी माशी कामावर येईपर्यंत तुसं परत मिटलेली असतात. दुकान रात्रीच उघडून पहाटे शटर खाली. बळी वाणात ते सकाळपर्यंत उघडंच.

हे वाचलं त्या दिवशी मला माझी ओळ आठवली. ती दहा दिवस आधी फुलली तर "उठून गेली", आणि ही चार तास आधी फुलली तर रोधक? सरांना फोन केला, ते हसले आणि म्हणाले, "तुझी ओळ परत पेर, वेळ बदलेल. हिचे चार तास कुठेही पेरलं तरी तिच्या बियाणात आहेत." एवढा साधा फरक आहे, पण तो समजायला मला काही वर्षं लागली.

म्हणून मिजमाशीच्या खऱ्या चाचणीत नशिबावर काही ठेवत नाहीत. फुललेल्या कणसावर तारेचा सांगाडा चढवून कापडी पिशवी बांधतात आणि आत मोजून चाळीस माद्या सोडतात, लागोपाठ दोन दिवस. ओळ लवकर असो, उशिरा असो, तिच्या फुलाच्या वेळी माशी तिच्या दारात. ऑस्ट्रेलियाने या बाबतीत फार व्यवस्थित काम केलंय, तिथे विकायला येणाऱ्या हायब्रीडला मिजचं रेटिंग दिलेलं असतं, १ म्हणजे काहीच रोधकपणा नाही आणि ७ म्हणजे तितक्याच माश्यांमधे दाण्याचं नुकसान साधारण सातव्या हिश्श्याइतकं. शेतकऱ्याला कळतं आपण काय पेरतोय. बियाण्याच्या पाकिटावर नुसतं "कीड प्रतिकारक" लिहून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक वाटतं मला. कुठल्या किडीला, किती, हे नको का सांगायला?

पण रोधकपणा म्हणजे काय दगडावरची रेघ नाही. भारतात मिजमाशीपुढे पक्के ठरलेले कित्येक वाण केनियात नेऊन लावले तेव्हा तिथे ते पडले. तीच माशी, तेच वाण, पण तिथलं हवामान वेगळं, दमटपणा वेगळा, कदाचित माशीही थोडी वेगळी. त्यामुळे एका ठिकाणचा रिपोर्ट घेऊन दुसरीकडे छाती फुगवायची सोय नाही.

आणि माव्याचं, म्हणजे पानातला रस पिणाऱ्या बारक्या किडीचं, तर विचारूच नका, तिथे वेळेचा हिशोब संपतो आणि वेगळाच खेळ सुरू होतो. अमेरिकेत हिरवा मावा, ज्याला तिकडे ग्रीनबग म्हणतात, मूळचा गव्हाचा, १९६८ मधे अचानक ज्वारीवर घाऊक उतरला. तो म्हणजे बायोटाइप सी, त्याच माव्याचा एक वेगळा प्रकार. ब्रीडर लोकांनी त्याला रोधक हायब्रीड काढले, तर १९८० च्या आसपास बायोटाइप ई आला, जो त्या हायब्रीडना जुमानेना. त्याला उत्तर काढलं तर १९९० मधे बायोटाइप आय हजर. एका जीनवर उभं केलेलं कुलूप आणि दर दहा वर्षांनी नवीन किल्ली घेऊन येणारा मावा. मावा नराशिवाय पिल्लं घालतो, थेट जिवंत, आणि आठवड्याभरात ती पिल्लं परत आई होतात, मग किल्ली सापडायला किती वेळ लागणार.

तरी या गोष्टीचा पुढचा भाग छान आहे. २०१३ मधे टेक्सास आणि लुइझियानाच्या ज्वारीवर दुसराच मावा आला, उसावरचा मावा म्हणून ओळखला जाणारा, आपल्याकडे ज्वारीवर चिकटा पडतो तो याच जातकुळीतला. दोनच वर्षांत तो सतरा राज्यांत पसरला. पानं साखरपाण्याने चिकट, वर काळी बुरशी, कापणीची यंत्रं त्या चिकट्याने तुंबायला लागली. घाईघाईने रोधक वाण शोधायला सुरुवात झाली तेव्हा टीएक्स २७८३ नावाची एक लाइन या नव्या माव्यापुढे उभी राहिली. ही लाइन १९८४ मधे ग्रीनबगसाठी काढलेली! तीस वर्षं आधी कोणीतरी भलत्याच किडीसाठी केलेलं काम असं कामाला आलं. नंतर हैतीमधल्या ज्वारीचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की तिथेही हाच रोधकपणा सहाव्या क्रोमोसोमवरच्या एका जागेवर आहे, आरएमईएस१ नावाची, आणि त्याची मुळं जातात इथिओपियाच्या गावरान ज्वारीकडे. जीनबँकेत बाटलीत पडून राहिलेल्या बियांचा उपयोग काय असं विचारणारे लोक भेटतात मला, त्यांना मी हीच गोष्ट सांगते. आता या एका जागेवर सगळ्यांनी भिस्त ठेवली तर ग्रीनबगचीच कथा परत होईल ही भीती आहेच.

कणसातल्या ढेकणांबद्दल थोडक्यात. पिल्लं आणि प्रौढ दोन्ही दाणा चिकात असताना रस ओढतात, दाणा सुरकुततो, तांबूस डाग पडतात आणि मागून बुरशी येते. घट्ट गच्च कणीस त्यांना फार आवडतं, लपायला जागा, वारा नाही, ऊन नाही. मोकळ्या पसरट कणसाच्या ज्वारीत ते कमी. पश्चिम आफ्रिकेत पारंपरिक ज्वारी मोकळ्या कणसाची आहे आणि तिथे जास्त उत्पादनाच्या नादात गच्च कणसाचे वाण नेले तेव्हा ढेकणांनी उच्छाद मांडला. मालीमधला मालिसॉर ८४-७ हा त्यांना दाद न देणारा वाण. गावोगावच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मोकळं कणीस का राखलं असेल याचा विचार वाण नेण्याआधी केला असता तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

हे सगळं एवढं माहीत असताना प्रत्येक पाकिटात रोधक वाण का नाही? एक कारण हायब्रीडमधेच आहे. भारताचा पहिला ज्वारी हायब्रीड सीएसएच १ हा १९६४ चा, उत्पादनात उडी मारली खरी, पण खोडमाशीच्या बाबतीत ते नवे वाण अगदी हळवे निघाले. खोडमाशी आणि मिजमाशी या दोन्हींचा रोधकपणा हायब्रीडमधे यायचा तर आई आणि बाप दोघांतही तो लागतो, एकाच बाजूने आला तर पोरात पातळ होतो. म्हणजे मेहनत दुप्पट. त्यात रोधक गावरान वाण उंच, उशिरा येणारे, उत्पादनाला कमी, त्यांच्यातलं नेमकं चांगलं उचलताना नको ते पण मागे लागतं. चकाकी आणि लव कुठल्या क्रोमोसोमवर आहे हे आता बऱ्यापैकी माहीत आहे, त्यामुळे काम सोपं झालंय, सोपं म्हणजे आधीपेक्षा सोपं.

तोपर्यंत काय? बियाण्याला थायामेथोक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक चोळून पेरलं तर पहिले काही आठवडे निघतात, आणि खोडमाशीचा धोका तेवढाच असतो. बी थोडं जास्त टाकून पोंगेमर झालेली रोपं विरळणीत काढून लांब नेऊन पुरायची, हा जुना उपाय आणि फुकटचा. फवारणीचं मात्र माझं मत वाईट आहे. अळी एकदा पोंग्यात किंवा तुसात शिरली की वरून काय मारणार, आणि माव्यासाठी मारलं की आधी त्याला खाणारे ढालकिडे मरतात. केनियातल्या इसीपे संस्थेने इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्राबरोबर काढलेली ढकल-ओढ पद्धत मला जास्त पटते. पिकामधे डेस्मोडियम नावाचं शेंगवर्गीय झाड लावायचं, त्याच्या वासाने खोडकिड्याचा पतंग दूर जातो, आणि कडेने नेपियर गवत, तिकडे तो ओढला जातो, अंडी घालतो आणि अळ्या बहुतेक तिथेच मरतात. वर डेस्मोडियममुळे टारफुला नावाचं मुळावरचं तण पण दबतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पद्धतीत विसरू नका. पोंगेमर झालेल्या रोपाला खालून फुटवे येतात, दिसायला हिरवेगार आणि लुसलुशीत, आणि गुरं त्याच्यावर तुटून पडतात. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं, १९०२ मधे डन्स्टन आणि हेन्री यांनी वेगळं काढलेलं, चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. पूर्ण वाढलेल्या ताटात ते कमी होतं पण या फुटव्यांत भरपूर. माशीने आधी पीक खाल्लं आणि मग जनावर पण गेलं असं व्हायला नको, तेवढी गुरं बांधून ठेवा.

आणि हो, ती लाल गोलवाली ओळ. सरांच्या सांगण्यावरून पुढच्या सीझनला मी ती तीन वेगवेगळ्या तारखांना पेरली. पहिल्या तारखेची परत टच्च भरली. दुसरीची निम्मी पोचट. तिसरीच्या कणसाला पिशवी बांधायची पण गरज पडली नाही, सकाळी साडेनऊला गेले तर त्या एकाच कणसावर इतक्या मिजमाश्या होत्या की मोजताना दोनदा आकडा चुकला, आणि शेजारच्या ओळीवर, जी मी पहिल्या वर्षी पानांवर भोकं आहेत म्हणून पेन्सिलने खोडली होती, तिच्या फुलांची तुसं केव्हाच मिटलेली होती. त्या ओळीचं नाव मी परत शाईने लिहिलं.